पोकळीकाकांची शेवटची पेटी

आधीच सांगून ठेवते, मला गोष्ट धड सांगता येत नाही. उत्साह आला की मी शेवट आधी बोलून मोकळी होते, आणि समोरचा विचारतो, "बरं, पण मुळात झालं काय?" या वेळी मात्र दातांखाली जीभ धरून पहिल्यापासून सांगणार आहे. आणि पहिल्यापासून सांगायचं तर पोकळीकाकांच्या हातांपासून सांगावं लागेल.

काय हात होते ते! बोटांच्या प्रत्येक पेरावर भेगा, तळवा एवढा खरखरीत की कागदावर फिरवला तर कागद फाटेल. थंडीत भेगांतून रक्त यायचं. एकतीस वर्षं या माणसाने हाताला तेल, मलम, क्रीम, काही म्हणजे काही लावलं नव्हतं. घरी भांडी घासायचा साबणसुद्धा वासाचा असेल तर हे बाजूला. काकू, म्हणजे त्यांची बायको, वैतागून म्हणायच्या, "यांनी डोक्यावरून हात फिरवला तर केस अडकतात हो त्यात!"

हे सगळं कशासाठी? तर पोकळीसाठी. काका आमच्या संशोधन संस्थेच्या तळघरातल्या वर्कशॉपमध्ये पेट्या बनवायचे. स्टीलच्या, साधारण कुकरएवढ्या, चारी बाजूंनी काचेच्या खिडक्या असलेल्या. आणि त्या पेटीतून सगळं बाहेर काढायचे. हवा, वाफ, धूळ, सगळं. आत अंतराळात असावी तशी पोकळी व्हायला हवी. अशा पेटीच्या आत बोटाचा एक ठसा राहिला तरी संपलं. त्या ठशातलं तेल महिनोन्महिने वायू सोडत बसतं. हातमोजे असतातच, दोन-दोन जोड्या असतात. पण काका म्हणायचे, "मोजा कधी फाटेल सांगता येतं का? आतला हातच कोरडा असला की झोप लागते." काकूंचा यावर ठरलेला टोमणा होता. "लोकांचे नवरे काहीतरी बनवतात. आमच्या यांनी एकतीस वर्षं काहीच नाही बनवलं, आणि तेही एवढं मन लावून!"

मी वर, दुसऱ्या मजल्यावर. त्या पेट्यांमध्ये आयन अडकवणं हे माझं काम. काका मला लवंगी म्हणायचे. अंगाने एवढीशी आणि नाकावर राग, म्हणून. नाव अगदी चपखल होतं, नाही म्हणत नाही मी.

आता आम्ही वर काय करतो ते ऐका. घाबरू नका, गणित नाहीये. यटर्बियम नावाचा धातू असतो. त्याचा कणभर तुकडा पेटीत तापवला की थोडीशी वाफ निघते. एक लेसर त्या वाफेतल्या एखाद्या अणूतून एक इलेक्ट्रॉन काढून घेतो. झाला आयन! त्याला विजेच्या सापळ्यात धरायचं. तो कशालाही न टेकता पेटीच्या मधोमध अधांतरी राहतो. मग दुसरा लेसर त्याला थंड करतो, आणि त्या लेसरच्या प्रकाशात आयन चमकतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक ठिपका दिसतो. एक अणू! एकटा! मी हजार वेळा पाहिलाय, तरी अजून खुर्ची पडद्याजवळ ओढून बसते. असे बारा आयन एका रांगेत उभे करायचे.

कशाला, विचारा ना. तीन जावा आहेत असं समजा. प्रत्येकीचं एकच तत्त्व, बाकीच्या दोघींच्या उलट वागायचं. पहिली म्हणाली खिडकी उघडी ठेवा, दुसरी म्हणाली बंद करा. आता तिसरी काय म्हणणार? काहीही म्हणाली तरी कुणा एकीशी तिचं एकमत होतंच! म्हणजे घरात कायमची धुसफूस. काही पदार्थांतल्या अणूंची अगदी हीच गत असते. तीन जावांचा हिशेब कुणीही मांडेल. पण चाळीस-पन्नास जावा झाल्या की जगातले मोठमोठे कॉम्प्युटरही हात टेकतात. म्हणून आम्ही हिशेब करतच नाही. आयन रांगेत बसवतो, लेसर लावून त्यांना एकमेकांच्या जावा करतो, आणि बघतो कोण कुठे तोंड करून बसलंय. सुरुवात बारांपासून. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटले होते. भाजीवालासुद्धा शेवटी म्हणाला, "ताई, धाकटीची बाजू बरोबर वाटते."

तर या बारा जावांसाठी काकांनी नवी पेटी बनवली. त्यांची चौदावी, आणि शेवटची, कारण पुढच्या महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. पेटी बंद करताना मी मुद्दाम खाली जाऊन उभी राहिले. प्रत्येक झाकणाखाली तांब्याची नवी कोरी चकती, एकदाच वापरायची. बोल्ट ओळीने नाही आवळायचे. एक इकडचा, मग त्याच्या बरोबर समोरचा, पाना फक्त बोटभर फिरवायचा, आणि परत पहिल्यापासून. एका झाकणाला पाऊण तास. मी चुळबुळ करत होते. काका म्हणाले, "लवंगी, बाहेर जा. तुझ्या श्वासानेसुद्धा बोल्ट घाबरतात." मग पेटीला तापवायच्या पट्ट्या गुंडाळल्या, वर ॲल्युमिनियमच्या चकचकीत कागदाचे थरावर थर चढवले, आणि दोनशे अंशांवर सोळा दिवस ती भाजत ठेवली. स्टीलच्या पोटात लपलेला वायूसुद्धा बाहेर यावा म्हणून. त्यांच्या तेरा पेट्यांपैकी एकही परत उघडावी लागली नव्हती. हे ते स्वतः कधी बोलले नाहीत, पण वर्कशॉपमध्ये सगळ्यांना पाठ होतं.

पेटी वर आली. आम्ही बारा आयन भरले. पडद्यावर ठिपके मोजले तर दहा.

बारांची जागा होती, बारांची रांग होती, पण मधे दोन जागा काळ्या. तिथे कुणीतरी आहे हे नक्की, कारण शेजारचे ठिपके सरकून जागा भरत नव्हते. पण चमकत नव्हतं. काढले, परत भरले. या वेळी एक काळा. परत भरले, तर तीन. बारा जावांच्या पंक्तीत दोन जणी तोंडावर पदर घेऊन बसल्या तर मी काय डोंबलाचा प्रयोग करणार? काळ्या आयनाला आमचे लेसर दिसत नाहीत, त्याला काही सांगता येत नाही, काही विचारता येत नाही. आठवडा असाच गेला आणि माझा पारा रोज चढत गेला.

सोमवारी बाईंनी सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. बाई म्हणजे आमच्या गटाच्या प्रमुख. कमी बोलतात, पण बोलल्या की ते होतंच. काकाही वर आले होते, टोपी हातात धरून.

"काका," बाई म्हणाल्या, "पेटीत हायड्रोजन राहिलाय असं दिसतंय. आयनाला तो चिकटला की आयन काळा पडतो. शुक्रवारी पेटी उघडू या."

"बाई, दाबाचा मीटर तर ठीक दाखवतोय."

"मीटर पंपाजवळ आहे. आयन मधोमध आहेत. तिथलं काय, ते मीटरला कुठे कळतंय?"

हे खरं होतं. पेटी उघडायची म्हणजे धुणं, बंद करणं, भाजणं, सगळं पहिल्यापासून. तोवर काका घरी बसलेले असणार. शेवटची पेटी दुसरा कुणीतरी उघडून दुरुस्त करणार, आणि पुढे कायम म्हटलं जाणार की म्हातारा शेवटी चुकला. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे कळत होतं.

"मी आत काही राहू दिलेलं नाही," काका म्हणाले.

आणि तिथे माझी जीभ सुटली. आदल्या आठवड्यात मी पाना आणायला खाली गेले होते तेव्हा त्यांच्या फळीवर मला एक वस्तू दिसली होती. "मग ती क्रीमची ट्यूब कशाला आहे तुमच्या फळीवर?" मी भर सभेत म्हणाले. "हातांना लावायचं क्रीम! एवढी वर्षं नाही आणि आत्ताच कशी आली?"

काकांनी आपल्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं होतं आता ते चिडतील. ते चिडले नाहीत.

"लवंगी, एकच सांग," ते म्हणाले. "तुझे दिवे पेटल्यावर विझतात, की येतानाच विझलेले येतात?"

"त्याने काय फरक पडतो?"

"पडतो. माझ्या पेटीत घाण असेल तर पेटलेला दिवा विझेल. घाणीला येऊन धडकायला वेळ लागतो ना. पण येतानाच विझलेला आला, तर तो माझ्या पेटीत नाही विझला." टोपी डोक्यावर घालून ते जिना उतरून गेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं शिकून आलेली मी, आणि मला हे शिकवणार! दाखवतेच यांना, म्हटलं. मंगळवारी सकाळी नऊला बारा आयन भरले. दहा उजळ, दोन काळे. समोर खुर्ची टाकली आणि डोळ्यांत तेल घालून बसले. एक तरी विझू दे, की गेलेच खाली सांगायला. दहा वाजले. अकरा वाजले. काळे दोघे मधेच जागा बदलायचे, तिसऱ्यावरून पाचव्यावर, पण उजळ ते दहाच्या दहा. जेवायला उठले नाही, डबा मांडीवर घेऊन खाल्ला. दोन वाजले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चार वाजले.

एकही विझला नव्हता.

सात तास! घाणेरड्या पेटीत एखादा तरी विझायला हवा होता. ही पेटी घाण नव्हतीच. एवढी स्वच्छ पोकळी मी जन्मात पाहिली नव्हती, आणि ती मी स्वतःच्या डोळ्यांनी सात तास पाहत बसले होते, ती वाईट आहे हे सिद्ध करायला! उठले आणि शेहेचाळीस पायऱ्या धावत उतरले.

काका जागेवर नव्हते. उरलेली रजा संपवायची म्हणून लवकर घरी गेले, असं शेजारच्या लेथ मशीनवाल्याने सांगितलं. त्यांची फळी नेहमीसारखीच नेटकी होती, पाने उंचीप्रमाणे लावलेले. आणि कडेला ती ट्यूब. मी उचलली. माझी काय अक्कल चरायला गेली होती कोण जाणे, पण अजूनही मनात एक घाणेरडा कोपरा म्हणत होता, बघ तरी किती वापरलीये. मी झाकण फिरवून काढलं.

आत तोंडावर चंदेरी सील तसंच्या तसं होतं. नखसुद्धा लागलेलं नव्हतं.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना? मला त्या क्षणी खरंच तसं वाटलं. लेथवाला माझ्याकडे बघत होता. मी झाकण लावलं, ट्यूब होती तिथे ठेवली आणि पायऱ्या मोजत वर आले.

वर येऊन विचार करायला लागले. येतानाच विझलेले येतात. म्हणजे चूक दारात आहे, घरात नाही. दारात कोण उभं असतं? पहिला लेसर, वाफेतून अणू निवडून घेणारा. यटर्बियमचे अणू काही एकाच वजनाचे नसतात. काही थोडे जड, काही थोडे हलके. सख्खे भाऊच, दिसायला सारखे, पण प्रत्येकाला चालणाऱ्या लेसरचा रंग किंचित वेगळा. पहिल्या लेसरचा रंग अचूक लावला तर आपल्याला हवा तोच भाऊ आत येतो. जरासा सरकला तर मधूनमधून दुसराही घुसतो. आणि दुसरा आला की तो आमच्या थंड करणाऱ्या लेसरला दाद देत नाही. काळा राहतो!

पहिल्या लेसरचा आकडा एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या कडेला चिकटवलेला होता. मी चिठ्ठी वाचली. अक्षर माझं, तारीख दोन महिन्यांपूर्वीची. आणि रंग मोजायचं आमचं यंत्र दुरुस्त होऊन आलं होतं दीड महिन्यापूर्वी! दुरुस्तीनंतर त्याचे आकडे थोडे सरकले होते, म्हणजे जुन्या आकड्यावर लेसरचा रंग किंचित तांबड्याकडे, जड भावांच्या बाजूला जात होता. म्हणून बाकी सगळ्या लेसरांच्या चिठ्ठ्या मीच नव्याने लिहिल्या होत्या. ही एक राहिली. हीच एक. मी कपाळावर हात मारून घेतला, चांगला जोरात.

पण नुसतं वाटून काय उपयोग? सिद्ध करायला हवं. आणि सिद्ध करायची युक्ती सुचली तेव्हा मी खुर्चीतून अक्षरशः उडाले. ते दोन काळे आयन जर खरंच जड भाऊ असतील, तर थंड करणारा लेसर त्यांच्या रंगावर नेला की ते पेटले पाहिजेत! आणि हायड्रोजनने काळे पडले असतील तर काही केल्या पेटणार नाहीत. इतकं सोपं, इतकं सरळ!

मी एकटीने नाही केलं. बुधवारी सकाळी बाईंच्या दारावर जाऊन म्हणाले, "बाई, वर चला. आणि काकांना बोलवा. आणि परवा जे जे होते त्या सगळ्यांना बोलवा."

"काय झालं?"

"मी चुकलेय, असं मला वाटतंय. सगळ्यांसमोर बोलले होते, तर सगळ्यांसमोरच बघू या."

काका आले, मागे भिंतीला टेकून उभे राहिले, यंत्रांपासून दूर. पडद्यावर बारांची रांग होती, दहा उजळ, दोन काळ्या जागा. चौथी आणि नववी. मी लेसरच्या बटणावर हात ठेवला. हळूहळू रंग तांबड्याकडे सरकवत नेला. दहा ठिपके मंद झाले. आणखी मंद. मग गेले, पडदा काळाकुट्ट झाला. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. मी आणखी एक केसभर सरकवला.

आणि चौथी जागा पेटली! पाठोपाठ नववी! काळ्या पडद्यावर दोनच ठिपके, लख्ख, ऐटीत बसलेले! मी किंचाळले. मला माहीत आहे मी किंचाळले, कारण खालच्या मजल्यावरून माणसं धावत आली, कुणाला शॉक बसला असं समजून. "जड भाऊ! जड भाऊ आहेत ते! पेटी स्वच्छ आहे!" असं काहीतरी मी ओरडत होते, आणि बाई, कधी मोठ्याने न हसणाऱ्या बाई, चष्मा काढून हसत होत्या.

मग मी पिवळी चिठ्ठी सगळ्यांना दाखवली. तारीख वाचून दाखवली. अक्षर कुणाचं, हेही सांगितलं. भिंतीजवळ गेले आणि म्हणाले, "काका, मी तुमच्यावर आळ घेतला, आणि घाण माझ्याच हाताची निघाली. मी काल तुमची ट्यूबही उघडून पाहिली. मला माफ करा."

काका पडद्याकडेच बघत होते. "ते दोघे," ते म्हणाले, "कालपासून आहेत तेच?"

"हो. काल सकाळी नऊपासून. सगळे बाराच्या बारा."

"एक दिवस झाला की मग." ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि खरंच, केस अडकले. "लवंगी, चिठ्ठी नवीन लिही आधी."

लिहिली! त्याच दुपारी नव्या आकड्यावर बारा भरले आणि बाराच्या बारा उजळ आले. पुढचे दहा दिवस मी जमिनीवर नव्हतेच. तीन जावा, मग सहा, मग बारा. लेसर लावले, प्रत्येकीला प्रत्येकीच्या उलट वागायला सांगितलं, हजारो वेळा तोच खेळ मांडला आणि हजारो वेळा विचारलं, कोण कुठे तोंड करून बसलंय? महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी बाईंनी कॉम्प्युटरने केलेल्या हिशेबाचा आलेख आणि आमचा आलेख एकमेकांवर ठेवले. बरोबर जुळले. आता वीस घेऊ, मग तीस, जिथे हिशेब पोचतच नाही तिथे! पण त्या दिवशी मला वीसचं काही सुचत नव्हतं. मी आलेखाचा कागद घेऊन तळघरात पळाले.

खाली काकांचा निरोप चालला होता. निरोप कसला, चहा आणि बिस्किटं, लेथवर जुनं वर्तमानपत्र पसरून. काकू आल्या होत्या, चांगली साडी नेसून. बाई माझ्या मागोमाग उतरल्या. मी काकांना कागद दाखवला, सगळं भराभरा सांगितलं. त्यांनी कागद लांब धरून पाहिला, त्यातलं काही कळलं नसावं, पण घडी घालून खिशात ठेवला. मग काकूंनी फळीवरून ती ट्यूब उचलली.

"पेटी बंद केली ना यांनी, त्याच दिवशी आणून दिली होती," काकू मला म्हणाल्या. "म्हटलं, आता झालं ना तुमचं शेवटचं? आता तरी लावा. तर म्हणे, नाही. वरून नक्की काय ते कळू दे. परत उघडायची वेळ आली आणि आत हात घालावा लागला तर?"

मी मान खाली घातली. मला कुणाकडेच बघवेना.

"लवंगी," काकांनी हाक मारली. "आता उघडायची नाही ना?"

"नाही काका. नाही उघडायची."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. तेव्हा काकांनी दोन्ही हात काकूंच्या पुढे केले. काकूंनी नखाने सील काढलं, भरपूर क्रीम घेतलं आणि एकेक भेग चोळून चोळून ते जिरवायला लागल्या. कुणी चहाचा घोट घेत नव्हतं. झाल्यावर काका हात हवेत धरून तसेच उभे राहिले. मागे लेथ, बाजूला स्टीलची फळी, समोर पाने. एवढ्या वर्षांच्या सवयीने त्यांना ते हात कुठे टेकवावे हेच कळेना.

"इकडे द्या," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा हात आपल्या हातात धरून जिना चढायला लागल्या.